राखीव वॉर्ड खुला झाल्यानंतर: मुंबई महापालिकेतील महिला उमेदवारांचे एक प्रकरण

महापालिकेचा एखादा वॉर्ड महिलांसाठी राखीव असेल तर तिथून स्त्रीच निवडून येणार, यात शोधण्यासारखे काही नाही. कायद्याने तिथे दुसरे काही घडूच शकत नाही. अभ्यासाचा प्रश्न पाच वर्षांनी उभा राहतो. तोच वॉर्ड पुढच्या सोडतीत खुला होतो, पुरुष इच्छुकांची रांग पुन्हा लागते आणि विद्यमान नगरसेविकेला तिकीट द्यायचे की 'आता वॉर्ड खुला झाला' असे सांगून तिला बाजूला करायचे, हे पक्षाला ठरवावे लागते. आरक्षणाने त्या वॉर्डात पाच वर्षांत काही रुजवले की नाही, याचा पहिला खरा कस तेव्हा लागतो. मुंबईत १९९७ साली राखीव असलेल्या आणि २००२ साली खुल्या झालेल्या वॉर्डांचा असाच अभ्यास राज्यशास्त्रज्ञ रिखिल भवनानी यांनी केला आणि तो २००९ मध्ये 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निवडणुकीतील उमेदवारांविषयीच्या संशोधनात त्याचा दाखला जगभर दिला जातो. ज्या शहराच्या वॉर्डांवर तो उभा आहे, त्या शहरातील तिकीटवाटपाच्या चर्चेत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी ३० टक्के जागा १९९० मध्येच राखून ठेवल्या होत्या. त्यामुळे मुंबई महापालिकेच्या १९९२ च्या निवडणुकीत महिला आरक्षण घटनादुरुस्तीच्या आधीच लागू झाले. पुढे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि अनुच्छेद २४३-टी प्रमाणे देशभरातील नगरपालिका व महापालिकांमध्ये किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. या जागा आळीपाळीने वेगवेगळ्या प्रभागांना देता येतील, अशी तरतूदही त्याच अनुच्छेदात आहे, आणि या प्रकरणाचे सगळे मर्म त्या तरतुदीत आहे.

त्याआधी मुंबईच्या सभागृहात स्त्रिया नव्हत्या असे नाही. सुलोचना मोदी १९५६ मध्ये शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या; मृणालताई गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून नगरसेविका म्हणून निवडून आल्या आणि पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी उभे केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. पण चळवळीच्या बळावर पुढे आलेल्या अशा स्त्रिया थोड्या होत्या. पक्षाच्या शाखेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या, मोर्चे आणि रेशनकार्डाची कामे सांभाळणाऱ्या बायकांपर्यंत तिकीट सहसा पोहोचत नव्हते. त्यामागे दिले जाणारे कारण ठरलेले असे: बाई काम करते, पण निवडून येणार नाही. हा दावा खरा की खोटा हे तपासण्याची संधीच कुठे नव्हती, कारण उमेदवारीच दिली नाही तर मतदारांचे मत कळणार कसे? आरक्षणाने ती संधी निर्माण केली, आणि सोडतीने ती अभ्यासण्याजोगी केली.

सोडत आणि संशोधकाची अडचण

मुंबईत आरक्षणाची सोडत सार्वजनिक सभागृहात होते. वांद्र्याच्या रंगशारदामध्ये ती अनेकदा झाली आहे. व्यासपीठावर पारदर्शक पिंप ठेवलेले असते, त्यात वॉर्ड क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकल्या जातात, पालिका शाळेतील विद्यार्थी हात घालून एक चिठ्ठी काढतो, ती उलगडून सभागृहाला दाखवतो आणि अधिकारी क्रमांक वाचून दाखवतात. समोर बसलेल्या माजी आणि इच्छुक नगरसेवकांच्या पुढच्या पाच वर्षांचा निर्णय त्या क्षणी होतो. त्या चिठ्ठीला वॉर्डात कोणत्या पक्षाचे वजन आहे, झोपडपट्टी किती आणि इमारती किती, साक्षरता किती, यातले काहीही ठाऊक नसते.

राजकारण्यांना ही अनिश्चितता त्रासदायक वाटते. संशोधकाच्या दृष्टीने तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. शिक्षक, प्राध्यापक किंवा लोकप्रतिनिधी, कोणत्याही पदाच्या उमेदवारांचा अभ्यास करताना मूळ अडचण एकच असते: ज्यांची निवड झाली आणि ज्यांची झाली नाही ते मुळातच अनेक बाबतींत वेगळे असतात, त्यामुळे निवडीतला फरक स्त्री-पुरुष भेदामुळे पडला की इतर कशामुळे, हे वेगळे काढता येत नाही. विद्यापीठीय नोकऱ्यांबाबत संशोधकांनी यावर एक मार्ग काढला. अर्ज तोच ठेवायचा आणि फक्त नाव बदलायचे. अमेरिकेत २०१२ मध्ये कोरिन मॉस-राकुसिन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठीचा एकच अर्ज १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे पाठवला, काहींकडे पुरुषाच्या नावाने आणि काहींकडे स्त्रीच्या. पुरुषाच्या नावाचा अर्ज अधिक सक्षम ठरवला गेला आणि त्याला पगारही जास्त सुचवला गेला. स्त्री प्राध्यापकांनीही तसेच केले. तीन वर्षांनी वेंडी विल्यम्स आणि स्टीफन सेसी यांनी ८७३ प्राध्यापकांपुढे सहायक प्राध्यापकपदाच्या काल्पनिक उमेदवारांची वर्णने ठेवली, तेव्हा मात्र स्त्री उमेदवाराला दोनास एक अशी पसंती मिळाली. एकाच देशातील, जवळपास एकाच क्षेत्रातील हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध जातात. माझ्या मते त्याचे एक कारण असे की कागदावरच्या उमेदवाराची निवड करताना प्राध्यापकाचे काहीच पणाला लागलेले नसते, आणि अशी निवड पद, दर्जा व प्रश्न विचारण्याची पद्धत यांनुसार सहज बदलते.

निवडणुकीत हा मार्ग चालत नाही. खोटा उमेदवार मतपत्रिकेवर उभा करता येत नाही आणि तसे करूही नये. मुंबईच्या सोडतीने हा पेच परस्पर सोडवला. १९९७ साली कोणत्या वॉर्डाला महिला आरक्षणाचा अनुभव यावा आणि कोणत्या वॉर्डाला येऊ नये हे चिठ्ठीने ठरवले, म्हणजे औषधाच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट पाडतात तसे शहराचे दोन गट आपोआप पडले. फरक एवढाच की इथे उमेदवार खरे होते, मते खरी होती आणि पदही खरे होते.

अभ्यास आणि त्याचा निष्कर्ष

भवनानी यांची मांडणी साधी आहे. २००२ च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव नसलेले वॉर्ड घ्यायचे. त्यांतले काही १९९७ मध्ये राखीव होते आणि काही तेव्हाही राखीव नव्हते. २००२ मध्ये दोन्हींचे नियम सारखेच. पुरुष आणि स्त्री कोणीही उभे राहू शकते. फरक फक्त मागच्या पाच वर्षांच्या अनुभवाचा. आता दोन्ही गटांत किती स्त्रिया निवडून आल्या ते पाहायचे. मध्यंतरी वॉर्डांची संख्या २२१ वरून २२७ झाली होती, त्यामुळे जुना वॉर्ड कोणता आणि नवा कोणता याचा मेळ घालावा लागला, आणि अशा अभ्यासात वेळ खाणारे काम हेच असते.

दोन्ही वेळा राखीव नसलेल्या वॉर्डांपैकी केवळ ३.७ टक्के वॉर्डांत स्त्री निवडून आली. आधी राखीव असून नंतर खुल्या झालेल्या वॉर्डांत हेच प्रमाण २१.६ टक्के होते. आरक्षण उठल्यानंतरही स्त्री निवडून येण्याची शक्यता पाचपटीने वाढलेली होती, आणि हा फरक निव्वळ योगायोगाने पडावा एवढा लहान नव्हता.

पहिल्या आकड्याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ७४ व्या घटनादुरुस्तीला नऊ वर्षे झाल्यावर, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत, ज्या शहरात बायका लोकलने कामावर जातात आणि पक्षांच्या महिला आघाड्या रस्त्यावर उतरतात, तिथे लागोपाठ दोन्ही वेळा राखीव नसलेल्या शंभर वॉर्डांमागे चार वॉर्डांतही स्त्री निवडून आली नाही. आरक्षण नसते तर स्त्रिया हळूहळू आपल्या बळावर पुढे आल्याच असत्या, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

तिकीट कोणाच्या हातात

हा परिणाम कोणत्या वाटेने घडतो, याबाबत भवनानी यांनी दोन कारणे पुढे केली आहेत, आणि त्यांचा पुरावा प्राथमिक स्वरूपाचा असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले आहे. पहिले कारण उमेदवारांचे आहे: आरक्षणामुळे अशा स्त्रिया राजकारणात आल्या ज्यांच्यात नंतर खुल्या लढतीतही जिंकण्याची ताकद होती. दुसरे कारण पक्षांचे आहे: स्त्री निवडून येऊ शकते, हे पक्षांना अनुभवातून कळले.

माझ्या मते दुसऱ्या कारणाला अधिक वजन द्यायला हवे, कारण आपल्याकडे मतदाराच्या आधी पक्ष निवड करतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, कोणाच्या हातात पडतो यावर निम्मी निवडणूक ठरते. पक्षाचे नेते 'निवडून येण्याची क्षमता' हा निकष सांगतात, पण ती मोजायची कशी हे कोणी सांगत नाही; पूर्वी कोण जिंकले आहे, कोणाकडे पैसा आहे, कोणाची किती पोरे वॉर्डात फिरतात, यावरून ती ठरवली जाते. जिथे पूर्वी बाई जिंकलेलीच नाही तिथे या निकषावर बाई कायम नापासच होणार. राखीव वॉर्डाने हे चक्र एका जागी तोडले. पाच वर्षे नगरसेविका राहिलेल्या स्त्रीकडे आता जुन्या मतांचा हिशोब होता, नगरसेवक निधीतून केलेली कामे होती, जलअभियंत्यापासून वॉर्ड ऑफिसपर्यंतच्या ओळखी होत्या. तिकिटाच्या बैठकीत तिचे नाव डावलायला आता निदान कारण द्यावे लागत होते.

याच ठिकाणी नवऱ्याचा प्रश्न येतो. अनेक राखीव वॉर्डांत आधीच्या नगरसेवकाची पत्नी, सून किंवा बहीण उभी केली जाते, कारभार तोच पाहतो आणि वॉर्ड खुला झाला की तोच पुन्हा उमेदवार होतो, हे कोणीही नाकारणार नाही. पण म्हणून सगळ्याच नगरसेविका नावापुरत्या असतात असे म्हणणे पुराव्याला धरून नाही. सगळ्याच तशा असत्या, तर वॉर्ड खुला होताच दोन्ही गटांतील फरक पुसला गेला असता. तो पुसला गेला नाही. ज्या नगरसेविकांनी खुल्या वॉर्डात पुरुषांविरुद्ध लढून जागा राखली, त्यांच्याविषयी तरी 'ती फक्त सही करते' हे बोलणे आता थांबायला हवे.

आकड्याची मर्यादा

पाचपट हा शब्द ऐकायला मोठा आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू स्पष्ट मांडली पाहिजे. आरक्षणाचा अनुभव घेतलेल्या वॉर्डांपैकी ७८ टक्क्यांहून अधिक वॉर्ड खुले होताच पुन्हा पुरुषांकडे गेले. एका कार्यकाळाच्या आरक्षणाने दार किलकिले झाले, उघडले नाही. शिवाय हे एका शहराचे, एका निवडणुकीचे आकडे आहेत आणि जिंकलेल्या स्त्रिया मोजक्याच आहेत. अशा वेळी चार-दोन निकाल वेगळे लागले असते तर टक्केवारी बरीच हलली असती. दिशा पक्की आहे; नेमक्या आकड्यावर फार भार देऊ नये.

ग्रामीण भागातून याला जोड मिळाली ती पश्चिम बंगालमधून. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा यांचा २००९ मध्येच प्रसिद्ध झालेला अभ्यास तिथल्या ग्रामपंचायतींवर आहे, आणि त्यातला बीरभूम जिल्ह्यातील एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. गावकऱ्यांना प्रधानाच्या (म्हणजे सरपंचाच्या) भाषणाची ध्वनिफीत ऐकवली. भाषण शब्दशः तेच. काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवले, काहींना स्त्रीच्या. ज्या गावांत प्रधानपद कधीच महिलांसाठी राखीव झाले नव्हते, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील भाषण देणारा नेता कमी परिणामकारक ठरवला. ज्या गावांनी महिला प्रधान पाहिली होती, तिथे ही तफावत राहिली नाही. नेता म्हणून पुरुष आवडतो की स्त्री, ही मनातली आवड मात्र त्या गावांतही बदललेली नव्हती. बदलला होता तो स्त्रीच्या कामाविषयीचा अंदाज. शिवाय खुल्या जागांवर स्त्रिया जास्त संख्येने उभ्या राहू आणि जिंकू लागल्या त्या मुख्यतः प्रधानपद दोनदा राखीव राहिलेल्या पंचायतींत. एक कार्यकाळ तिथे अपुरा पडला. मुंबईत एकदाच्या आरक्षणानेही काही टिकले, याचे श्रेय कदाचित शहरातील संघटित पक्षांना द्यावे लागेल, कारण पक्षाला एकदा धडा मिळाला की तो एका वॉर्डापुरता राहत नाही.

हाच नियम सगळ्या आरक्षणांना लावता येईल का? भवनानी यांनीच पुढे अनुसूचित जातींच्या राखीव मतदारसंघांचा असाच अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मतदारसंघ दीर्घकाळ राखीव राहूनही आरक्षण उठल्यावर तिथे अनुसूचित जातीचा उमेदवार जिंकण्याची शक्यता वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. स्त्रिया प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक जातीत आणि प्रत्येक पक्षाच्या घरात आहेत. दलित उमेदवाराला खुल्या जागेवर तिकीट देताना पक्ष वेगळाच हिशोब करतात, आणि मतदारसंघाने अनुभव घेतला तरी तो हिशोब बदलत नाही. म्हणून मुंबईचा निष्कर्ष हाती घेऊन 'आरक्षण एकदा दिले की पुढे गरज उरत नाही' असे म्हणणे चुकीचेच नव्हे तर घातक ठरेल.

आळीपाळीची किंमत

ज्या फिरत्या आरक्षणाने हे ज्ञान दिले, त्याच फिरत्या आरक्षणाची किंमत नगरसेविकांनी मोजली आहे. पहिल्या दोन वर्षांत पालिकेचा कारभार, अर्थसंकल्प आणि स्थायी समितीचे डावपेच समजून घ्यायचे, पुढच्या तीन वर्षांत कामे उभी करायची, आणि मग सोडतीत वॉर्ड जायचा. पुन्हा उभे राहण्याची आशाच नसेल तर मतदारांना उत्तर देण्याची ओढही कमी होते. स्त्रीच्या बाबतीत ही झळ जास्त बसते, कारण वॉर्ड गेलेल्या पुरुषाला शेजारचा वॉर्ड शोधून देणारी माणसे पक्षात असतात, आणि तिच्यासाठी तशी धावपळ करणारे थोडे.

महाराष्ट्राने २०११ मध्ये महिला आरक्षण ५० टक्के केले आणि मुंबईत २०१२ ची निवडणूक त्याप्रमाणे झाली. निम्मे वॉर्ड राखीव झाल्यावर तिकीटवाटपाच्या बैठकीत एक नवाच युक्तिवाद पुढे येऊ लागला: निम्म्या जागा त्यांना मिळाल्याच आहेत, आता खुल्या तरी पुरुषांना सोडा. आरक्षणाचा किमान आकडा अशा रीतीने कमाल मर्यादा बनतो, आणि हा धोका १९९७ ते २००२ या काळाच्या अभ्यासात मोजला जाऊ शकत नव्हता. राज्यातील इतर महापालिकांत चित्र आणखी वेगळे आहे. तिथे २०१७ मध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते आणि प्रत्येक प्रभागात साधारण दोन जागा महिलांच्या. तिथे नगरसेविकेचा प्रभाग जात नाही, ती त्याच प्रभागातून पुन्हा लढू शकते, ही जमेची बाजू. पण प्रत्येक प्रभागात बाईची जागा वेगळी आणि पुरुषाची वेगळी अशी वाटणी पक्की होऊन बसते. शिवाय आरक्षण असलेला आणि नसलेला असे दोन गटच उरत नाहीत, त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात मुंबईसारखा अभ्यास करताच येणार नाही.

लोकसभा आणि विधानसभांमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा देणाऱ्या २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत आरक्षणाची मुदत १५ वर्षे ठेवली आहे आणि राखीव मतदारसंघ प्रत्येक परिसीमनानंतर (मतदारसंघांच्या हद्दींच्या फेररचनेनंतर) बदलतील असे म्हटले आहे. म्हणजे वॉर्डापेक्षा बराच जास्त काळ एक मतदारसंघ राखीव राहू शकतो. पश्चिम बंगालचा अनुभव पाहता ही जमेची बाब ठरावी. मात्र तिथे मतदारसंघ निवडण्याची पद्धत सोडतीची नसेल, तर परिणाम खरोखर आरक्षणाचा की त्या मतदारसंघाच्या मूळ स्वभावाचा, हे पुढच्या पिढीच्या संशोधकांना सांगता येणार नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर एक काम आजही करता येईल. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर प्रशासकाची राजवट आली आणि पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. २०१७ च्या नगरसेविका जवळजवळ चार वर्षे पदाविना, निधीविना राहून पुन्हा मतदारांपुढे गेल्या. अशा खंडानंतरही आधीच्या आरक्षणाचा परिणाम टिकतो का, हा प्रश्न जगात फार थोड्या ठिकाणी विचारता येईल, आणि इथे तो विचारता येतो. त्यासाठी राज्य निवडणूक आयोगाने आणि महापालिकेने १९९२ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीची वॉर्डनिहाय माहिती एकत्र करून खुली करावी: आरक्षणाचा प्रकार, वॉर्डाची हद्द, सर्व उमेदवारांचे लिंग, पक्ष, मिळालेली मते, आणि आधीच्या सभागृहातील सदस्याने पुन्हा अर्ज भरला की नाही. यातली बरीचशी माहिती जुन्या राजपत्रांत आणि निकालपत्रांत विखुरलेली आहे, हद्दींचे नकाशे वेगळ्या खात्यांकडे आहेत, आणि प्रत्येक नव्या अभ्यासकाला ती नव्याने जुळवत बसावी लागते.